घोड्याचे पाय आणि सेनानीचा मृत्यू

अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर सेनानी रणांगणात पडला, एकच उचललेला असेल तर तो जखमांनी गेला आणि चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

शिल्पकारांमध्ये असा नियम कधीच नव्हता. माद्रिदमधला १६४० सालचा कांस्यपुतळा पाहा. घोडा मागच्या पायांवर उभा ठाकलेला, पण स्वार असलेला स्पेनचा राजा चौथा फिलिप तेव्हा जिवंत होता. तो वारला १६६५ मध्ये, आजारपणाने. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या १७८२ च्या पुतळ्यातला सम्राट पीटर द ग्रेटही आजारानेच गेला, आणि तिथेही घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत.

पायांची ठेवण ठरते ती मुख्यतः भारावरून आणि शिल्पकाराला हव्या असलेल्या आवेशावरून. टनावारी धातू मागच्या दोन पायांवर पेलायचा तर पुढचा भाग पोकळ आणि हलका, मागचा जड ओतावा लागतो. तेवढ्याने भागले नाही की तिसरा आधार शोधतात. पीटर्सबर्गला घोड्याच्या टाचांखाली साप आहे ना, तो शेपटीला टेकलेला आहे! एक पाय उचललेला घोडा चालतानाचा असतो, आणि तीन पायांवर पुतळा सहज तोलला जातो.

पडताळणी सोपी आहे. सेनानीचे छोटे चरित्र घ्या, शेवटच्या परिच्छेदातून मृत्यूचे साल आणि कारण टिपा, मग पुतळा घडवल्याचे साल शोधा. एखादा पुतळा जुळला म्हणून थांबू नका. पर्याय तीनच असल्यामुळे काही योगायोगाने जुळणारच. निदान दहा तपासा, आणि न जुळणारेही मोजा.