फ्रेंच स्की-साहित्याचे शब्द इंग्रजीत नेताना: पार्श्वभूमी

स्कीचे इंग्रजी शब्द फ्रेंचांनी दिलेले नाहीत. ‘स्की’ हा शब्दच मुळी नॉर्वेचा. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समध्ये जाणाऱ्या ब्रिटिशांनी स्कीच्या मागच्या टोकाला ‘हील’ आणि हातातल्या काठीला ‘स्टिक’ म्हणायला सुरुवात केली. फ्रेंचांचे ‘तालों’ आणि ‘बातों’ यांचा अर्थही अनुक्रमे टाच आणि काठी. म्हणजे तेव्हा शब्दाला शब्द ठेवला तरी भागत होते. पुढे बाजार अमेरिकेच्या हाती गेला. ‘हील’चे ‘टेल’ झाले, ‘स्टिक’चे ‘पोल’ झाले. ब्रिटनमध्ये ‘स्टिक’ अजून ऐकू येते, पण स्कीची ‘हील’ तिथेही गेली. फ्रेंच ‘तालों’ मात्र जागचा हलला नाही. आज तो स्कीचा असेल तर ‘टेल’, बुटाचा असेल तर ‘हील’, आणि त्याच्यापासून झालेला ‘तालोनियेर’ म्हणजे ‘हीलपीस’, बुटाची टाच स्कीवर धरणारा भाग.

दोन महायुद्धांमधल्या काळात पोलादी कडा आल्या, टाच दाबून धरणारी केबल आली, दोन्ही फ्रान्सबाहेरच्या. फ्रेंच कारखान्यांचे शब्द जगभर जायला लागले ते १९५० नंतर. बूट स्कीला धरून ठेवते ते बाइंडिंग; पडल्यावर सुटणाऱ्या बाइंडिंगचा पुढचा भाग, म्हणजे ‘ब्युते’, फ्रान्समधल्या नेव्हेर गावात तयार होऊ लागला. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये पुरुषांची डाउनहिल शर्यत फ्रेंच बनावटीच्या धातूच्या स्कीवर जिंकली गेली, आणि व्हॉयरों, सालांश, आनेसी ही कारखान्यांच्या गावांची नावे इंग्रजी कॅटलॉगांत दिसू लागली. हे कॅटलॉग बहुधा विक्री विभागाकडून लिहून यायचे, कार्यशाळेकडून नव्हे. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

फ्रेंचमध्ये एकच शब्द बुटाला, बाइंडिंगला आणि स्कीला चालतो. इंग्रजीत तिन्हींचे शब्द वेगळे. ‘सेमेल’ घ्या. स्कीखालचा पॉलिएथिलीनचा थर असेल तर ‘बेस’, बुटाचा तळ असेल तर ‘सोल’. बाइंडिंग बसवण्याच्या पत्रकात ‘लाँगर द सेमेल’ अशी ओळ असते. तिथे बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये भरायची असते, उदाहरणार्थ ३०५. भाषांतरकाराने ‘बेस लेंग्थ’ लिहिले की दुकानातला पोरगा स्कीची लांबी भरून मोकळा. बाइंडिंग किती जोरावर बूट सोडेल तो स्प्रिंगचा आकडा याच लांबीवरून ठरतो. वजन, उंची, वय आणि कौशल्य सारखे असले तरी तळ लांब असेल तसा आकडा कमी लागतो, कारण लांब तळाला तरफ जास्त मिळते. इथली चूक कागदावर राहत नाही, ती गुडघ्यापर्यंत पोचते.

‘पातें’ म्हणजे पायाखालचा अरुंद भाग. ‘८८ मिलिमीटर ओ पातें’चे इंग्रजी ‘८८ मिलिमीटर अंडरफूट’ किंवा ‘वेस्ट’, ‘स्केट’ नव्हे. काठीची ‘रोंदेल’ म्हणजे ‘बास्केट’. सुट्या भागांच्या यादीत तिचे ‘वॉशर’ होऊन बसते, कारण यंत्रकामात रोंदेल म्हणजे वॉशरच. ‘शोसों’ म्हणजे ‘लायनर’. ब्रिटिश मजकुरात ‘इनर बूट’ही चालते. ‘फार’ म्हणजे मेण. तो फ्रेंच शब्द रोमन लिपीत तसाच (fart) राहिला तर इंग्रजी वाचकाला हसू का फुटते, ते सांगायला नको.

‘कार्’ म्हणजे कडेची पोलादी पट्टी. ‘कारे’ म्हणजे चौकोन, आणि लिहिताना दोन्हींत फरक फक्त एका उच्चारचिन्हाचा. मोठ्या अक्षरांत चिन्हे गाळायची सवय असल्यामुळे शीर्षकात हा शब्द हमखास फसवतो. त्याहून वाईट गोंधळ कोनाचा. फ्रेंच कारागीर बाजूच्या कडेचा कोन ८८ अंश सांगतो. अमेरिकेत त्याच कोनाला २ अंश म्हणतात, कारण तिथे काटकोनापासूनचा फरक मोजायची रीत आहे. तळाकडच्या उताराला फ्रेंचमध्ये ‘तोंबे’ म्हणतात, तो साधारण अर्धा ते १ अंश असतो. बाजूला ८८ आणि तळाला १ धरले तर धातूचा प्रत्यक्ष कोन ८९ अंश होतो. भाषांतरात कुठली बाजू ते गळले आणि २ अंश तळाकडून घासले गेले, तर कड बर्फाला उशिरा लागते, कडक बर्फावर स्की घसरत राहते. कानस चालवून ते भरून येत नाही. दगडी चाकावर सगळा तळ उतरवावा लागतो.

डोंगर चढून जाणाऱ्यांच्या सामानात जुने शब्द टिकून आहेत. ‘पो द फॉक’ म्हणजे सीलचे कातडे, चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली लावायचे. आता ते मोहेरचे (अंगोरा बकरीच्या लोकरीचे) किंवा नायलॉनचे असते, इंग्रजीने सील केव्हाच टाकून नुसते ‘स्किन’ ठेवले. ‘कुतो’ म्हणजे सुऱ्या, कडक बर्फात रुतणारी स्कीची दाती, इंग्रजीत ‘स्की क्रॅम्पॉन’.

खरा वाद आहे ‘फिक्सासियों आ अँसेर’चा. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या तिरोलमध्ये एक हलके बाइंडिंग तयार झाले. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूची खोबण; बाइंडिंगच्या दोन टोकदार पिना चिमट्यासारख्या तिच्यात बसतात. मागे टाचेच्या पट्टीत आणखी दोन पिना शिरतात. फ्रेंचांनी नाव बुटातल्या खोबणीवरून ठेवले: अँसेर. इंग्रजीत नाव पडले बाइंडिंगवरून, ‘पिन’, किंवा मूळ व्यापारी नावाचा तुकडा तोडून ‘टेक’. ते व्यापारी नाव होते ‘लो टेक’, आणि फ्रेंच बोलीत ते अजून सर्रास चालते. त्यामुळे ‘फिक्स लो टेक’चे इंग्रजी ‘लो-टेक बाइंडिंग’ करणारे आहेत. इंग्रजी वाचक त्याचा अर्थ जुनाट, बाळबोध वस्तू असा घेतो. असते ती बरोबर उलट.

‘अँसेर’चे शब्दशः इंग्रजी करून ‘इन्सर्ट बाइंडिंग’ लिहूनही सुटका होत नाही. इंग्रजी स्की-कार्यशाळेत ‘इन्सर्ट’ म्हणजे स्कीत छिद्र पाडून इपॉक्सीने बसवलेली आटे असलेली स्टीलची नळी. तिच्यात एम५ स्क्रू जातो आणि एकच बाइंडिंग तीन-चार स्कींवर आलटून-पालटून लावता येते. मूळ फ्रेंच वाक्य असते ‘बूट अँसेरवाला हवा’. इंग्रजीत ते ‘इन्सर्ट बसवलेले हवेत’ असे उतरते आणि गिऱ्हाईक नव्या स्कीला भोके पाडून घेतो. बुटासाठी ‘टेक फिटिंग’ हाच शब्द बरा. बाइंडिंगसाठी एक पक्ष ‘टेक’ धरतो, कारण दुकानात तेच बोलतात. दुसरा ‘पिन’, कारण ते एका उत्पादकाच्या नावाला बांधलेले नाही. पेटंटची मुदत संपून इतर कारखाने उतरल्यावर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे जड झाले आहे. सूचनापुस्तिकेत तरी ‘पिन’च लिहावे: वाचणाऱ्याला ती पिन समोर दिसत असते.

याच पुस्तिकांतला दुसरा अडसर म्हणजे ‘पोझिसियों मार्श’. बाइंडिंगच्या पुढच्या खटक्याची चढताना वर ओढून कुलूपबंद करायची जागा, आणि बुटाची घोट्यामागची पट्टी मोकळी करायची जागा, दोन्हींना फ्रेंचमध्ये हेच नाव. इंग्रजीतही दोन्ही ‘वॉक मोड’. म्हणून वाक्यात ‘टो लिव्हर’ (पुढचा खटका) की ‘कफ’ (बुटाचा घोट्याभोवतीचा भाग) ते प्रत्येक वेळी लिहावे लागते. ‘व्हेरुइये’चे ‘लॉक’ करायचे, ‘क्लोज’ नाही. नुसता बंद खटका उतरताना पडल्यास बूट सोडतो. कुलूपबंद खटका सहजी सोडत नाही. खोबणीत बर्फ दाटला असेल तर पिना अर्ध्याच बसतात. कुलूप लावण्याआधी टाच मोकळी ठेवून पाय चार-पाच वेळा वर-खाली हलवायचा, म्हणजे बर्फ खरवडून निघतो. भाषांतरात ही पायरी कुलपाच्या नंतर गेली की तिचा उपयोग उरत नाही.

‘देक्लांशमाँ’ म्हणजे बाइंडिंगचे ‘रिलीज’. हिमकडा सुटण्यालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द, तिथे बहुधा ‘ट्रिगर’. ‘व्हालर द देक्लांशमाँ’चे इंग्रजी करताना हात आपोआप ‘डीआयएन’कडे जातो, म्हणजे जर्मन मानकसंस्थेच्या नावाने चालणाऱ्या स्प्रिंगच्या मापाकडे. आल्पाइन, म्हणजे फक्त उतरण्याच्या, बाइंडिंगचे आयएसओ मानक ९४६२ आणि टूरिंगचे, म्हणजे चढून जाण्याच्या, १३९९२. त्यांच्या चाचण्या उतरलेल्या बाइंडिंगलाच तो शब्द शोभतो. पिनवाल्यांपैकी काहींना असे प्रमाणपत्र मिळाले ते २०१० च्या दशकात. बाकीच्यांच्या स्प्रिंगवर ५ ते १२ आकडे कोरलेले असतात, पण त्या ७ ची आल्पाइन बाइंडिंगच्या ७ शी जुळणी कोणी तपासलेली नसते. फ्रेंच पत्रकात प्रमाणपत्राचा उल्लेख नसेल तर इंग्रजीत ‘रिलीज व्हॅल्यू’ लिहायचे आणि मूळ तक्ता जसाच्या तसा ठेवायचा. विक्री विभाग बहुतेक वेळा ते परत ‘डीआयएन’ करून पाठवतो.