स्मूदीचा पोत

फळं आणि दही ब्लेंडरमधून एकत्र फिरवून केलेलं दाट पेय म्हणजे स्मूदी. कृती सोपी आहे, ती इथे देत नाही, पोताचं मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.७ असतो. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन नावाचं प्रथिन चिकटून जाळी होते, तिच्यात पाणी अडकून राहतं, तेच दही. (आंबट फळाने दूध फाटतं पण दही फाटत नाही ते यामुळेच, ते आधीच तिथवर पोचलेलं असतं.) ब्लेंडरचं पातं ही जाळी तोडतं आणि ती नंतर पूर्ण जुळत नाही, म्हणून दही जितकं फिरवाल तितकं पातळ. तेव्हा दाटपणाचं सगळं श्रेय दह्याला देणं फारसं पटत नाही, टांगून निथळलेलं दही सोडलं तर. दह्यामुळे मऊपणा येतो आणि चोथा-पाणी वेगळं व्हायला वेळ लागतो.

केळ्याबद्दल दोन मतं दिसतात. एक म्हणजे त्यातल्या स्टार्चमुळे स्मूदी घट्ट होते. पण कच्च्या केळ्याच्या गरात स्टार्च २० टक्क्यांच्या आसपास असला तरी पिकताना त्याची बहुतेक साखर होते, एखाद-दोन टक्केच उरतो, शिवाय न शिजवलेला स्टार्च थंडीत फुगत नाही. त्यामुळे घट्टपणा फळाच्या पेशीभित्ती आणि त्यांतल्या पेक्टिन या चिकट पदार्थामुळे येतो, हे दुसरं मत जास्त बरोबर वाटतं.

गोठवलेल्या फळातले बर्फाचे बारीक कण हा दाटपणाचा मोठा आधार, पण तात्पुरता, ग्लास ठेवून दिला की कण वितळतात आणि पेय सैल पडतं. नुसता बर्फ घातला तर वितळल्यावर चवही पाणचट.

अननस (ब्रोमेलेन), किवी (ॲक्टिनिडिन) आणि पपई (पपेन) यांतली एन्झाइमं केसीन तोडतात, स्मूदी पातळ आणि कडवट होत जाते. गोठवल्याने ती मरत नाहीत, तापवल्याने निकामी होतात. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो त्यामुळे त्याचा हा त्रास नाही, ताजा घातला तर लगेच पिऊन टाकायची.