सेमी-ट्रकच्या लघुप्रतिकृती : बांधणी आणि फेरबदल

पुढचा ट्रॅक्टर (इंजिन आणि चालकाची केबिन असलेला ओढणारा भाग) आणि त्याच्या पाठीवर आपले पुढचे टोक टेकवून चालणारा ट्रेलर, अशा अवजड मालवाहू गाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती जुळवण्याचा छंद. या छंदाचे माहेरघर अमेरिका. मुख्य साहित्य म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या सुट्ट्या भागांचा संच, अर्थात किट. मोटारीचे किट डब्यातल्या सूचनेबरहुकूम जुळवले तरी भागते. ट्रकच्या किटमधून मात्र जाणकार सहसा नुसता कच्चा माल घेतात आणि त्यातून हवी ती गाडी घडवतात. ही सवय खऱ्या ट्रकच्या धंद्यातूनच आली आहे.

अमेरिकेत अवजड ट्रक गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार बांधला जातो. केबिन पीटरबिल्ट किंवा केनवर्थची, इंजिन कॅटरपिलर, कमिन्स किंवा डेट्रॉइट डिझेलचे, गिअरबॉक्स बहुधा ईटन-फुलरचा, अशी ती जुळणी पूर्वी असे. आसांमधले अंतर, मागच्या आसांची जात, झोपण्याच्या खोलीची (स्लीपरची) लांबी हे सगळे ऑर्डर देताना ठरते. त्यावर स्वतःची गाडी स्वतः चालवणारा मालक आपल्या हौसेने भर घालतो. १९६७ ते १९८७ या काळात तयार झालेल्या पीटरबिल्ट ३५९ या मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्या हुबेहूब सारख्या निघणे कठीण. त्यामुळे एका किटची केबिन, दुसऱ्याचे इंजिन आणि तिसऱ्याचे आस एकत्र आणणारा कारागीर मनचे काही करत नसतो. कारखान्यात जे घडते तेच तो टेबलावर करतो.

किटचा इतिहास

मिशिगन राज्यातल्या एएमटी या कंपनीने १९४८ मध्ये ॲल्युमिनियमच्या लहान मोटारींपासून सुरुवात केली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिने १:२५ प्रमाणातले पीटरबिल्ट ३५९ चे किट आणले आणि या छंदाचा पाया घातला. पाठोपाठ केनवर्थ, व्हाइट-फ्रेटलायनर, जीएमसी ॲस्ट्रो, शेव्हरोले टायटन असे ट्रक आले, फ्रुहॉफचा ४० फुटी ट्रेलरही आला. १९७० च्या दशकात, ट्रकचालक ज्यावर एकमेकांशी बोलत त्या सीबी रेडिओची लाट उसळली, ट्रकचालक हा लोकनायक झाला आणि किटांचा खप वाढला. शेतीच्या ट्रॅक्टरांच्या धातूच्या प्रतिकृतींसाठी नावाजलेल्या आयोवातल्या अर्टल कंपनीने इंटरनॅशनल ट्रान्सस्टारची किटे काढली आणि पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एएमटीही विकत घेतली. आज एएमटीचे नाव राउंड-टू या कंपनीकडे आहे. जुन्या साच्यांतून तीच किटे ती पुन्हा बाजारात आणते.

युरोपात इटालेरी या इटालियन कंपनीने १:२४ प्रमाणात व्होल्वो, स्कॅनिया, डाफ, मर्सिडीज यांची मोठी मालिका काढली, काही अमेरिकी ट्रकही केले. तिचे साचे एएमटीपेक्षा नंतरचे, त्यामुळे भाग नेमके बसतात. एएमटीच्या जुन्या साच्यांतून निघालेल्या भागांवर कडेला प्लास्टिकचे पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि प्रत्येक भाग तासून घ्यावा लागतो. तरीही १९७० च्या दशकातल्या अमेरिकी रस्त्याची गाडी करायची तर एएमटीला फारसा पर्याय नाही.

प्रमाण

१:२४ आणि १:२५ यांत चार टक्क्यांचाच फरक आहे. आरसे, बॅटरीपेट्या, हॉर्न अशा वस्तूंची देवाणघेवाण केली तर तो डोळ्यांना कळत नाही. केबिन आणि चासी यांत मात्र तो लगेच उघडा पडतो.

१:२५ चा एक मोठा फायदा आहे. इंच २५.४ मिलिमीटरचा असल्याने खऱ्या गाडीचा एक इंच प्रतिकृतीत जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो. अमेरिकी कारखान्यांची सगळी मापे इंचांत असतात, ती जशीच्या तशी मिलिमीटरमध्ये वाचली की काम झाले. पाच इंची धुराड्याला पाच मिलिमीटरची नळी, आठ इंचीला आठची. चासीच्या दोन पट्ट्यांची बाहेरून रुंदी ३४ इंच असते, म्हणून इथे ३४ मिलिमीटर. लांब मापांना दीड टक्क्याची भर घालावी लागते. आजचा ५३ फुटी ट्रेलर, म्हणजे ६३६ इंच, प्रत्यक्षात सुमारे ६४६ मिलिमीटर भरतो. ट्रॅक्टर जोडला की जोडगाडी पाऊण मीटरच्या पुढे जाते, आणि कपाटाच्या फळीची लांबी किट घेण्याआधीच मोजावी लागते.

चासी

प्रेक्षक रंग आणि चकाकी पाहतो, पण प्रतिकृती टिकते की पडते ते चासीवर. सेमी-ट्रकला १८ चाके असतात: ट्रॅक्टरच्या पुढे दोन, मागच्या जोडआसावर आठ आणि ट्रेलरखाली आठ. चासीला किंचितही पीळ पडला तर त्यांतले एखादे चाक हवेत राहते आणि गाडी खेळणे वाटू लागते. म्हणून पट्ट्या आणि आडवे दांडे सपाट काचेवर, गुण्याने काटकोन पडताळत जोडतात आणि सांधे पूर्ण वाळेपर्यंत वजन ठेवून दाबून धरतात. घाई करणाऱ्याला पुढचे सगळे काम त्या पिळासकट करावे लागते.

सर्वांत रुळलेला फेरबदल म्हणजे चासी लांबवणे. केबिनच्या पाठीमागे आणि जोडआसाच्या पुढे पट्टी कापून मधे तुकडा भरतात. दोन्ही बाजूंचे काप समोरासमोर न ठेवता पुढे-मागे घेतात आणि आतून दुसरी पट्टी चिकटवतात, म्हणजे सांधा मोडत नाही. अंतर वाढले की बाकीचेही बदलावे लागते. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या आसांकडे नेणारा फिरता दांडा) लांबतो, त्याला मधे आधाराचे बेअरिंग येते, इंधनाच्या टाक्या मोठ्या होतात, हवेच्या टाक्या सरकतात. नवख्यांच्या कामात नेमका हा शाफ्ट आखूड राहून अधांतरी लोंबतो. स्पर्धेतले परीक्षक गाडी उलटी करून आधी तोच पाहतात.

गाडी जमिनीलगत आणण्यासाठी पुढच्या आसाचे पाटे पातळ करतात, मागे पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या बसवतात. लांब चासी, खाली आलेले नाक, पुढच्या काचेवर झुकलेला रुंद छज्जा (व्हायझर) आणि जमिनीला टेकेलसा बंपर ही अलीकडच्या अमेरिकी शौकीन ट्रकची ओळख आहे.

मात्र लांबी वाढवताना साल विसरून चालत नाही. पूर्वी अनेक राज्यांत ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवर मर्यादा होती. जास्त माल बसावा म्हणून इंजिनावरच केबिन असलेले चपट्या तोंडाचे ट्रक वापरले जात. पश्चिमेकडच्या राज्यांत नियम सैल असल्याने लांब नाकाचे ट्रक तिकडे आधीपासून दिसत. १९८२ च्या संघीय कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर एकूण लांबीची ही अट काढून टाकली, आणि चपट्या तोंडाचे ट्रक हळूहळू अमेरिकी रस्त्यांवरून हटले. त्यामुळे अतिलांब चासीला १९६८ चा रंगपट्टा दिला तर जाणकार भुवया उंचावतो.

केबिन, रेझिन आणि छापील भाग

किटमध्ये न मिळणारे स्लीपर, बोनेट आणि इंजिने लहान उत्पादक पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओतून विकतात. त्यासाठी साचा सिलिकॉन रबराचा असतो. रेझिनवर साच्याचा तेलकट थर राहतो, तो साबणाने धुतला नाही तर रंग पापडासारखा निघतो. प्लास्टिक विरघळवून जोडणारा नेहमीचा सिमेंट रेझिनला चालत नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतो. रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा आणि नाकावर मास्क असावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्रिमितीय छपाईमुळे हे भाग आता घरीच काढता येतात, पण छपाईच्या थरांच्या बारीक रेषा घासून काढल्याशिवाय चकचकीत रंग त्यावर शोभत नाही.

रंग आणि क्रोम

किटमधले क्रोमचे भाग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेले असतात. किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या सांगाड्यातून भाग तोडला की त्या जागी पांढरा डाग उरतो, आणि दोन अर्धुकांतून जुळवलेल्या धुराड्यावर उभी रेघ दिसते. ती घासली की क्रोमही जाते. म्हणून धुराडी सरळ ॲल्युमिनियमच्या नळीतून कापून घासून चमकवतात. बाकी भागांचे क्रोम घरगुती ब्लीचमध्ये बुडवून उतरवता येते. मग सांधे बुजवून, काळा चकचकीत थर देऊन त्यावर एअरब्रशने क्रोमरंग चढवतात. काळा थर जितका गुळगुळीत, तितका आरसा खरा. खिडक्यांच्या चौकटींसाठी पाठीला गोंद असलेला अतिपातळ धातूचा वर्ख मिळतो.

मेटॅलिक रंगात एक फसवणूक आहे. मोटारीसाठीच्या रंगातले चमकीचे कण १:२५ मध्ये खड्यांएवढे दिसतात, म्हणून बारीक कणांचे रंग निवडतात. अनेक रंगांचे पट्टे काढताना फिका रंग आधी, गडद नंतर, आणि मास्किंग टेपची कड नखाने दाबलेली, हा क्रम सहसा कोणी मोडत नाही.

बारकावे

केबिनच्या पाठीमागून ट्रेलरकडे जाणाऱ्या तीन जोडण्या, दोन हवेच्या नळ्या आणि एक विजेची केबल, प्रतिकृतीला जिवंत करतात. लाल नळी ट्रेलरला हवेचा पुरवठा करते, निळी ब्रेक लावण्याचा दाब नेते, आणि बहुधा हिरवी असलेली केबल वीज नेते. लाल नळीतला दाब गेला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. एकट्या ट्रॅक्टरच्या प्रतिकृतीत या नळ्या लोंबत न ठेवता केबिनमागच्या खुंट्यांना अडकवतात. ट्रेलर टेकतो ती फिफ्थ व्हीलची लोखंडी तबकडी कधीच रंगवलेली उरत नाही. घासलेले लोखंड आणि त्यावर काळे ग्रीस, एवढेच तिथे हवे.

इंजिनाचा रंगही ठरलेला असतो: कॅटरपिलर पिवळे, डेट्रॉइटची दोन-स्ट्रोक इंजिने हिरवी, कमिन्सची काही बदामी तर काही लाल. केबिनच्या छतावर पुढे पाच पिवळे दिवे येतात. हौशी मालक बंपरपासून टाकीपर्यंत असे छोटे दिवे ओळीने लावतात, त्यांना चालक ‘चिकन लाइट्स’ म्हणतात. प्रतिकृतीत ते पारदर्शक पिवळ्या रंगाच्या थेंबांनी करतात, किंवा एलईडी आणि प्रकाशतंतूंनी खरोखर पेटवतात. ट्रेलरच्या कडेची लाल-पांढरी परावर्तक पट्टी १ डिसेंबर १९९३ पासून तयार झालेल्या ट्रेलरांना सक्तीची झाली. १९७५ च्या ट्रेलरवर ती लावणे ही प्रदर्शनांत वारंवार दिसणारी चूक आहे.

इतर प्रवाह

जपानमधल्या टामियाचे १:१४ प्रमाणातले रेडिओ नियंत्रित ट्रक तीन-वेगी गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या आवाजासह चालतात. जर्मनीच्या वेडिकोने १:१६ मध्ये धातूचे ट्रक केले. १:५० आणि १:६४ मध्ये तयार धातूच्या गाड्या मिळतात, त्यांच्या चासीही काही जण कापून लांबवतात. जपानच्या दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेल्या ‘देकोतोरा’ ट्रकांची किटे आओशिमा १:३२ मध्ये काढते. तिथे सजावट हाच मुख्य विषय आहे.

जतन

जुन्या किटांच्या विनाइल टायरांतले मऊ करणारे द्रव्य कालांतराने पाझरते आणि पॉलिस्टायरीनची रिम विरघळवते. रिमवर आधी रंगाचा जाड थर दिला किंवा आत धातूचा वर्ख लावला तर हे टळते. अनेक वर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीचे आस खाली ठोकळा देऊन उचलून ठेवतात. ट्रेलर वेगळा ठेवायचा असल्यास त्याचे पुढचे पाय पोकळ प्लास्टिकऐवजी पितळी तारेवर बसवलेले बरे, नाहीतर लांब ट्रेलरच्या भाराने ते वाकतात.