धापा टाकणारी कोंबडी म्हणजे मानमोडी नव्हे

मे महिन्यातल्या दुपारी परसातली कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागली, पंख अंगापासून सुटे धरून उभी राहिली, की शेजारून सल्ला येतोच: ‘मानमोडी आली, आजच कापा.’ मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग; पण या सल्ल्यापायी बऱ्या होऊ शकणाऱ्या कोंबड्याही शाकुतीच्या टोपात जातात.

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिचं अंग एरवीच ४१-४२ अंश. जास्तीची उष्णता ती श्वासातल्या वाफेवाटे बाहेर टाकते, थोडी तुऱ्यातून. गोव्याच्या दमट हवेत ही वाफ लवकर उडत नाही, म्हणून पारा फार चढलेला नसतानाही ती बेजार होते.

मानमोडीतही श्वास लागतो, गोंधळ तिथेच होतो. पण त्यात हिरवट पातळ विष्ठा, पिळवटलेली मान, लुळे पाय दिसतात, संध्याकाळी गारवा आला तरी उतार पडत नाही आणि एकीमागून एक कोंबड्या आजारी पडतात. तसं असेल तर आजारी कोंबडी वेगळी ठेवून पशुवैद्याला बोलवा.

नुसतं ऊन लागलं असेल तर तिला माडाच्या सावलीत, वारा लागेल तिथे न्या. घमेल्यात साधं गार पाणी घेऊन तिचे पाय बुडवा. बर्फाचं नको, त्याचा धक्का बसतो. पाणी चोचीच्या टोकाशी धरा, घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. दाणे उन्हं उतरल्यावर, कारण पचनानेही अंग तापतं. तुरा काळानिळा पडला किंवा ती आडवी झाली, तर मात्र डॉक्टरच.