फाशीच्या शिक्षेनंतरचं अपील आणि दयेचा अर्ज: बेळगाव सीमाभागातल्या कुटुंबांचं कुठे चुकतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या माणसाला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की घरच्यांना कुणीतरी सांगतं, "काळजी करू नका, फाशी आपोआप हायकोर्टात जाते." हे अर्धंच खरं आहे. या अर्ध्या माहितीवर विसंबून कुटुंबं पहिला महिना घालवतात, आणि अपिलाला तेवढाच वेळ असतो.

आपोआप जातो तो शिक्षा कायम करण्याचा प्रस्ताव. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३६६) त्यासाठी आहे. उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायाधीशांनी सही केल्याशिवाय फाशी कायम होत नाही. ते सगळा पुरावा नव्याने तपासतात, कलम ४०८ खाली जादा पुरावाही घेऊ शकतात. पण त्याच निकालात दरोडा किंवा पुरावा नष्ट करणं यांसारख्या कलमांखाली वेगळी शिक्षा असेल, तर तिच्याविरुद्ध आरोपीचं स्वतःचं अपील लागतं. म्हणून कलम ४१५ खालचं अपील दाखल करायचंच.

मुदत नीट वाचा. सत्र न्यायालयाने दिलेल्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस मिळतात, फाशीविरुद्ध फक्त ३०. पुढे सर्वोच्च न्यायालयात इतर प्रकरणांना साधारण ९० दिवस, फाशीच्या प्रकरणाला ६०. शिक्षा जितकी मोठी तितका वेळ कमी, हे कुणालाही उलटं वाटेल, पण मुदत कायदा असाच आहे. शेजारच्या गावातल्या कुणाच्या जन्मठेपेच्या अपिलावरून अंदाज बांधू नका. अपिलाची मुदत आरोपीला सांगणं न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, आणि ती सांगितलीही जाते. पण निकालाच्या दिवशी कन्नडमध्ये भरभर बोललेलं वाक्य मराठी माणसाच्या कानावरून जातं. त्याच दिवशी वकिलाकडून तारीख कागदावर लिहून घ्या.

निकालाच्या नकलेसाठीही त्याच दिवशी अर्ज करा. अपील करता येणाऱ्या निकालाची नक्कल आरोपीला मोफत मिळते. नकलेवरच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती ताब्यात दिल्याची. मुदतीतून वजा होतात ते पहिल्या दोन तारखांमधले दिवस. तयार नक्कल पंधरा दिवस खिडकीवर पडून राहिली, तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण त्यात एकेका दिवसाचं कारण विचारलं जातं.

कलम ४०४ प्रमाणे आरोपी शक्य असेल तिथे आपल्या भाषेतला अनुवाद मागू शकतो. मराठी माणसाने तो लेखी मागावा. "शक्य नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्यावं. साक्षीपुरावा चालू असताना आरोपीला कळणाऱ्या भाषेत तो समजावून दिला होता का, शेवटी न्यायाधीशांनी विचारलेले प्रश्न त्याला कळले होते का, हे पुढे अपिलातले मुद्दे होऊ शकतात. तिथे हा कागद लागतो. हे हक्क पुस्तकात आहेत, पण सीमाभागातल्या आरोपीला ते आपणहून कुणी सांगत नाही, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

कुठे जायचं, याचा गोंधळही सीमेमुळे होतो. गुन्हा बेळगाव जिल्ह्यात घडला असेल तर अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या हद्दीतला खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाकडे जातो, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. आरोपीचं गाव, भाषा, रेशन कार्ड कुठलंही असो, गुन्हा कुठे घडला ते पाहायचं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बेळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, धारवाड खंडपीठाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. वकीलपत्रावर कैद्याची सही हिंडलगा कारागृहात होते आणि खाली अधीक्षकांची सही व शिक्का लागतो. शिक्का नसलेलं वकीलपत्र परत येतं आणि आठवडा जातो. वकीलच मिळाला नाही तर कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. ते पाठवल्याचा जावक क्रमांक पुढच्या भेटीत मागून घ्या.

आता सगळ्यात जास्त अडतो तो कागद: वयाचा पुरावा. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी १८ वर्षांखालचा असेल तर त्याला फाशी देताच येत नाही. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पण कायद्यात कागदांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. तेच घेऊन धावणारी कुटुंबं रिकाम्या हाताने परततात.

सीमाभागात शाळेचे कागद विखुरलेले असतात. पहिली-दुसरी गावच्या मराठी शाळेत, पुढे मामाच्या गावी चंदगडला, मग शाळा सुटलेली. पहिल्या प्रवेशाची नोंद सर्वांत मोलाची. मुख्याध्यापकांकडून प्रवेश रजिस्टरातल्या त्या ओळीचा सही-शिक्क्यानिशी उतारा घ्या आणि मूळ पानाचा फोटो काढून ठेवा. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे आहे ते बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात लेखी विचारा. नावाचा घोळ ठरलेलाच: मराठी दाखल्यावर घरचं नाव, कन्नड कागदावर आडनाव गळालेलं, आरोपपत्रात पोलिसांनी ऐकलं तसं लिहिलेलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं आईवडिलांचं शपथपत्र जोडा, पण दाखल्यावर खाडाखोड करून "दुरुस्ती" करून घेऊ नका. तसा दाखला निरुपयोगी ठरतो.

पुण्यातल्या १९९४ च्या खून खटल्यात फाशी झालेला एक माणूस गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षं ६ महिन्यांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. तोवर त्याची २८ वर्षं तुरुंगात गेली होती. निर्णय फिरला तो राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरावर, आणि त्या रजिस्टरातलं नाव खटल्यातल्या नावाहून वेगळं होतं.

वयाबरोबर आयुष्याचे कागदही जमवा. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीचं बालपण, शिक्षण, घरची परिस्थिती, मानसिक आरोग्य, तुरुंगातलं वर्तन हे सगळं न्यायालयापुढे आलं पाहिजे. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या रुग्णालयातला जुना केसपेपर, डोक्याला मार लागल्याची चिठ्ठी, तुरुंगात दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र, यांतलं काहीही क्षुल्लक नाही.

सर्वोच्च न्यायालयात अपील फेटाळलं तर ३० दिवसांत पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच न्यायालयाला आपला निकाल पुन्हा तपासायला सांगणारा अर्ज, करता येतो. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात त्यावर तीन न्यायाधीशांपुढे उघड सुनावणी होते. ही पायरी "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या गुन्ह्यात सहा जणांची फाशी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच ठरली होती. पुनर्विलोकनात प्रकरण पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या फोटोंतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, ही गोष्ट तेव्हा महत्त्वाची ठरली. म्हणून आरोपपत्राबरोबरचे सगळे जबाब, ओळख परेडचे कागद पानापानाने वाचून घ्या.

दयेच्या अर्जाची मुदत त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये आहे. अपील, पुनर्विलोकन किंवा विशेष परवानगी अर्ज फेटाळल्याचं कारागृह अधीक्षकांनी कळवल्या दिवसापासून ३० दिवस. टीव्हीवर बातमी आली तो दिवस धरू नका, कळवल्याच्या पत्रावरची तारीख आणि कैद्याची सही पाहा. उच्च न्यायालयाने फाशी कायम केल्यावर कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही, तर तिथली मुदत संपल्यावर अधीक्षक कळवतील तेव्हापासून मोजा. अर्ज कैदी स्वतः, वारस किंवा कोणताही नातेवाईक करू शकतो. आधी राज्यपालांकडे गेलात आणि नकार आला, तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस.

बेळगावच्या खटल्यात राज्यपाल म्हणजे कर्नाटकचे, बंगळूरचे. भावनेपोटी मुंबईला महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे पाठवलेल्या अर्जाने फक्त दिवस जातात. एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवा, दुसरी अधीक्षकांकडे देऊन तिसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जासाठी लागणारे निकाल कैद्याला आठवड्यात मिळायला हवेत, असं २०१४ च्या निकालात सांगितलेलं आहे.

अर्जात "माझ्या लेकराला माफ करा" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या न्यायाधीशांनी पुराव्यावर शंका नोंदवली, न्यायाधीशांत मतभेद झाला का, नवा पुरावा काय, वय, आजार, खटल्याला लागलेली वर्षं, हे निकालाच्या पान क्रमांकांसह लिहा. राष्ट्रपती पुराव्याकडे स्वतंत्रपणे पाहू शकतात. नकार आला तरी तो लेखी कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, आणि त्या दिवसांत वकील उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो.

निर्दोष सुटल्यावर भरपाई आपोआप मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करायला सांगितलं होतं. नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालातच दिला, पण इतरांना बहुधा उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. सुटकेच्या दिवशीच तुरुंगातून आत गेल्याच्या आणि बाहेर आल्याच्या तारखांचा दाखला मागून घ्या. याचिकेला तोच पहिला कागद लागतो.