वॉटर-फेड पोलच्या ब्रशची निवड

इमारतीच्या बाहेरच्या काचा जमिनीवर उभे राहून धुण्यासाठी जो लांब, सरकता दांडा वापरतात, त्याला वॉटर-फेड पोल म्हणतात. दांडा फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा असतो. त्यातल्या नळीतून आरओ आणि रेझिनने क्षार काढलेले पाणी टोकाच्या ब्रशापर्यंत चढते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्याजवळ असेल तर काच पुसावी लागत नाही. पाणी वाळते आणि डाग राहत नाही. बोअरचे पाणी तसेच चढवले तर पांढरे ठिपके पडतात, मग ब्रश कितीही भारी असो.

ब्रशाकडे उरते ते मळ सोडवण्याचे काम, आणि कोल्हापुरात हा मळ हंगामाप्रमाणे बदलतो. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू झाले की बॉयलरमध्ये जाळलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि काचांवर उतरू लागते. या राखेत सिलिका असते. कोरड्या राखेवर कडक ब्रश दाबून घासला तर काचेला बारीक ओरखडे पडू शकतात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून राख वाहू द्यावी आणि नंतर मऊ ब्रश फिरवावा. यासाठी टोके चिरलेल्या नायलॉन केसांचा ब्रश बरा: केस मऊ लागतात, पाणी धरून ठेवतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, धूळ असते. तिथेही हाच क्रम पाळावा.

पावसाळ्यानंतरची गोष्ट वेगळी. चौकटीच्या कडांना शेवाळ, कोपऱ्यांत जाळी आणि कबुतरांची वाळलेली विष्ठा असते. तिथे डुकराच्या केसांचा ब्रश (रंगाऱ्याच्या चांगल्या ब्रशात असतात तेच केस) अधिक पकड घेतो. मात्र तो भिजल्यावर जड होतो आणि नायलॉनपेक्षा लवकर झिजतो. बाहेर नायलॉन आणि आत डुकराचे केस असे मिश्र ब्रशही मिळतात. वर्षानुवर्षे न धुतलेल्या काचेच्या पहिल्या धुलाईला ते उपयोगी पडतात. जुने क्षारांचे डाग मात्र कोणत्याच ब्रशाने जात नाहीत.

रुंदी साधारण 25 ते 45 सेंटीमीटर असते. रुंद ब्रशाने शोरूमच्या सलग काचा झटपट होतात, पण दांडा तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत ताणला की टोकावरचे थोडेसे वजनही खांद्याला फार जाणवते. उंच कामाला अरुंद आणि हलका ब्रशच घ्यावा, मग दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील.

पाण्याच्या तोट्या, म्हणजे जेट, दोन प्रकारच्या असतात. काही काचांवर पाणी चादरीसारखे पसरते. तिथे पेन्सिल जेटची बारीक धार पुरते. काहींवर पाण्याचे थेंब होऊन पळतात. तिथे पंख्यासारखी फाकणारी धार हवी, नाहीतर मध्ये कोरडे पट्टे राहतात.

राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी ग्रिल असते. ब्रश त्यातून आत जात नाही, तिथे पोलचा उपयोगच नाही. रस्त्यालगत विजेच्या तारा असतील तर कार्बन फायबरचा दांडा उभा करू नये. तो वीजवाहक असतो.

काम संपल्यावर ब्रश केस वर करून ठेवावा. केसांवर उभा ठेवलेला ब्रश वाकतो, आणि वाकलेल्या केसांची टोके काचेला नीट लागत नाहीत.