केराटोकोनस: लेन्सखालच्या कॉर्नियाकडेही पाहायला हवं

केराटोकोनस झालेल्या माणसाला चष्मा हळूहळू पुरेनासा होतो. नंबर पुन्हा पुन्हा बदलतो, तरी अक्षरांमागे सावल्या राहतात आणि रात्री दिव्यांना फाटे फुटतात. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. या आजारात तो पातळ होत जातो आणि कमकुवत झालेला भाग, बहुधा मध्याच्या किंचित खाली, शंकूसारखा पुढे येतो. असा वेडावाकडा पृष्ठभाग भरून काढेल अशी चष्म्याची काच घडवता येत नाही.

कडक कॉन्टॅक्ट लेन्सला मात्र ते जमतं. तिची पुढची बाजू गुळगुळीत असते आणि मागच्या फटीत अश्रू भरतात. अश्रूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचं माप, सुमारे १.३३६ आणि कॉर्नियाचा १.३७६, म्हणजे दोन्ही इतके जवळ की त्यांच्या सीमेवर प्रकाश फारसा वळतच नाही. कॉर्नियाचे उंचवटे अश्रूंत जणू बुडून जातात आणि प्रकाशाला समोर भेटतो तो लेन्सचा नियमित पृष्ठभाग. ही कल्पना बरीच जुनी आहे. १८८८ साली झ्युरिकमध्ये अडॉल्फ फिक आणि पॅरिसमध्ये यूजीन काल्ट काचेच्या लेन्सवर काम करत होते, आणि काल्टच्या डोळ्यांसमोर केराटोकोनसचेच रुग्ण होते. पण काचेतून प्राणवायू जात नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने तो आपला बहुतेक प्राणवायू थेट हवेतून घेतो. त्यामुळे त्या लेन्स फार वेळ सहन होत नसत. आजच्या कडक लेन्सच्या प्लास्टिकमधून प्राणवायू जातो, म्हणूनच त्या दिवसभर वापरता येतात.

खरी अडचण स्पर्शाची आहे. शंकूच्या टोकावर कॉर्नियाचं वरचं आवरण आधीच विरळ झालेलं असतं. लेन्स प्रमाणापेक्षा सपाट असेल तर तिचा भार नेमका त्याच जागी पडतो आणि प्रत्येक उघडझापीबरोबर ती तिथे घासते. तरीही एके काळी अशा सपाट लेन्स मुद्दाम दिल्या जात. लेन्सने दाबून धरलं की शंकू वाढणार नाही, अशी समजूत होती. लेन्स काढल्यावर केलेल्या मोजमापात कॉर्निया खरोखरच थोडा सपाट दिसे, पण तो दाबाचा तात्पुरता परिणाम होता. १९८२ साली कॉर्ब आणि सहकाऱ्यांनी सपाट बसणारी लेन्स आणि टोकाला न टेकणारी लेन्स यांची तुलना केली, तेव्हा सपाट लेन्सखाली व्रण, म्हणजे कॉर्नियावर राहणारे डाग, जास्त आढळले. पुढे अमेरिकेत १२०९ रुग्णांवर आठ वर्षं लक्ष ठेवणारा ‘क्लेक’ हा मोठा अभ्यास झाला. त्यातही कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर आणि नवे व्रण यांचा संबंध दिसला. मात्र व्रण या आजारानेही होतात, आणि ज्यांचा शंकू अधिक टोकदार तेच लेन्सकडे अधिक वळतात. त्यामुळे सगळा दोष लेन्सवर टाकणं अन्यायाचं होईल. लेन्स कशी बसली आहे, हे फार महत्त्वाचं, एवढं मात्र निश्चित म्हणता येतं.

नवी चप्पल चावली की पाय लगेच सांगतो. कॉर्निया सांगेलच असं नाही. या आजारात त्याच्या मज्जातंतूंचं जाळं विरळ होतं आणि वर्षानुवर्षं लेन्स वापरल्याने संवेदना आणखी बोथट होऊ शकते. ‘मला काहीच त्रास नाही, छान दिसतंय’ असं सांगणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यातही फ्लुरोसिन हा चमकणारा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर शंकूच्या टोकावर ओरखड्यांचे हिरवे ठिपके चमकताना दिसू शकतात. त्रास नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू नये, असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

टोकावरचा स्पर्श टाळायचा उत्तम मार्ग म्हणजे स्क्लेरल लेन्स. साधी कडक लेन्स नऊ-दहा मिलिमीटर रुंद असते, ही साधारण पंधरा ते वीस. ती कॉर्नियाला ओलांडून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधल्या पोकळीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन भरलेलं असतं. शंकूला काहीच लागत नाही. बेल्जियममधल्या २०१८ च्या एका अभ्यासात तर, ज्यांच्यावर एरवी नेत्ररोपणाची, म्हणजे दात्याचा कॉर्निया बसवण्याची, वेळ आली असती अशा तीव्र केराटोकोनसच्या बहुतेक डोळ्यांचं काम या लेन्सने भागलं.

पण स्पर्श टळला की प्रश्न प्राणवायूचा येतो. त्याला आता आधी जाड लेन्स आणि मग सलाइनचा थर, असे दोन अडसर ओलांडावे लागतात. प्राणवायू कमी पडला की कॉर्निया पाणी धरून किंचित सुजतो. निरोगी डोळ्यांवरच्या प्रयोगांत ही सूज बहुधा १ ते २ टक्के दिसते, म्हणजे झोपेत मिटलेल्या पापणीखाली येते त्याहून कमी. ज्या डोळ्यात आधी नेत्ररोपण झालं आहे, तिथे मात्र पाणी उपसणाऱ्या आतल्या पेशी मोजक्याच उरलेल्या असतात आणि त्या पुन्हा वाढत नाहीत. तिथे फार जपावं लागतं. पोकळी किती खोल ठेवायची, हा म्हणून नाजूक हिशेब आहे. साधारण २०० ते ३०० मायक्रॉन अंतर धरलं जातं. लेन्स काही तासांत खाली बसते, तेव्हा घातल्या घातल्या घेतलेलं माप पुरेसं नसतं. पोकळीत नळाचं पाणी कधीही भरू नये. त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर नजर जाऊ शकते.

यातली कोणतीही लेन्स आजार थांबवत नाही. त्यासाठी क्रॉसलिंकिंग आहे. रायबोफ्लेविनचे थेंब आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश यांनी कॉर्नियातल्या कोलॅजनचे बंध मजबूत केले जातात. ते करायचं की नाही हे शंकू वाढतोय का यावर ठरतं, आणि ते कळतं कॉर्नियाच्या नकाशांवरून. इथे लेन्स पुन्हा आडवी येते, कारण कडक लेन्सने दबलेला कॉर्निया मूळ आकारात यायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे घेतो. आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालून काढलेला नकाशा खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून मोजमापाआधी लेन्स बंद ठेवायला सांगतात. लेन्सशिवाय ज्यांचं कामच अडतं, त्यांच्यासाठी हे अवघड असतं. अशा वेळी दोन्ही लेन्स एकदम बंद न करता आधी एका डोळ्याची आणि नंतर दुसऱ्याची बंद ठेवून मोजमाप करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.